पुण्यात एक दिवस, आठ मैत्रिणी आणि एक नवा गुडघा

चाफेकळी | १४ नोव्हेंबर, रात्री ९:४०

आम्ही आठ जणी. १९९५ साली फर्ग्युसनमधून बाहेर पडलो. त्यानंतर लग्नं, बदल्या, सासरं, आजारपणं. पाच वर्षांपूर्वी एकदा सगळ्या जमलो होतो, शहराबाहेरच्या एका रिसॉर्टवर. सकाळी दहा ते संध्याकाळी सात एकाच हॉलमध्ये, गोल टेबलाभोवती. नाश्ता, जेवण, पुन्हा चहा-भजी. मुलांच्या परीक्षा आणि फ्लॅटचे भाव यांपलीकडे बोलणं गेलंच नाही. घरी आल्यावर दोन महिन्यांनी कळलं, माझ्या शेजारच्या खुर्चीत दिवसभर बसलेल्या मैत्रिणीचे वडील त्या भेटीच्या तीनच आठवडे आधी गेले होते. ती बोलली नाही, मी विचारलं नाही. ते मला अजून खुपतं.

आता डिसेंबरच्या तिसऱ्या शनिवारी पुन्हा जमतोय. यावेळी बसायचं नाही, हिंडायचं, असं मी जाहीर करून टाकलंय. पुणे शहरातच, सकाळी नऊ ते रात्री आठ. अडचणी अशा:

एकीचा गुडघा सात महिन्यांपूर्वी बदललाय. एक नागपूरहून रात्रीच्या गाडीने पहाटे पुणे स्टेशनला उतरणार, एक बेळगावहून बसने स्वारगेटला. एकीचा शनिवारचा उपास. तिघींना तुळशीबाग हवीच आहे, दोघींना तुळशीबाग अजिबात नको. प्रवास सोडून माणशी हजार रुपये.

कुठे जावं, कुठल्या क्रमाने? तुमचे अनुभव सांगा, बरे आणि वाईट दोन्ही.

टेकडीवेडा | १४ नोव्हेंबर, रात्री १०:०५

प्रश्नच नाही. वेताळ टेकडी. पहाटे सहाला चढायला सुरुवात करा. डिसेंबरात थंडी मस्त असते, खाणीपाशी पोचेपर्यंत ऊन येतं, नशीब असेल तर मोर दिसतात. टेकडीवर गप्पा होतात तशा कुठेच होत नाहीत. आमचा सात जणांचा गट गेली अकरा वर्षं दर रविवारी जातो.

मिरचीभजी | १४ नोव्हेंबर, रात्री १०:११

हजार रुपये तुळशीबाग धरून की सोडून? धरून असेल तर दुपारचं जेवण रद्द समजा. :)

कसबेकर | १४ नोव्हेंबर, रात्री ११:३०

माझा जन्म कसब्यातला, वयाच्या चाळिशीपर्यंत तिथेच होतो. त्यामुळे पक्षपात आहे हे आधीच सांगतो, पण पायी हिंडायला आणि चार पावलांवर थांबायला जुन्या पुण्यासारखी जागा नाही.

सुरुवात कसबा गणपतीपासून करा. ग्रामदैवत आहे, दिवसाची सुरुवात तिथेच शोभते. तिथून तांबट आळीत जा. अजूनही काही घरांतून हातोडीचा आवाज येतो. तांब्याच्या भांड्यावर एकसारखे ठोके घालतात त्याला मठारकाम म्हणतात. ठोक्यांनी पत्र्याला बळकटी येते आणि अंगावर ती चमकदार खळ्याखळ्यांची नक्षी उमटते. कारागिराला वेळ असेल आणि तुम्ही घाई केली नाहीत तर तो दाखवतो. आधी विचारा, मग फोटो काढा. घरं आहेत ती, प्रदर्शन नव्हे.

मग शनिवारवाडा. १७३० साली पाया घातला, १७३२ मध्ये वास्तुशांत झाली, १८२८ च्या आगीत आतलं सगळं गेलं. आत जोती आणि हिरवळ आहे, फार वेळ लागत नाही. खरा शनिवारवाडा बाहेरून, दिल्ली दरवाजासमोर उभं राहून बघायचा. दारावरचे खिळे पाहा, हत्तीच्या कपाळाच्या उंचीला आहेत.

पुढे दगडूशेठ गणपतीसमोर भिडेवाड्याची जागा. जोतीराव-सावित्रीबाईंनी १८४८ साली मुलींची शाळा काढली ती इथे. आठ शिकलेल्या मैत्रिणी पुण्यात जमताय, तर तिथे दोन मिनिटं उभ्या राहाच.

मग तुळशीबाग, मग मंडई. सगळं मिळून दीड किलोमीटरच्या आसपास. पण हे दीड किलोमीटर चालायला तीन तास लागले पाहिजेत. एका तासात झालं तर काहीतरी चुकलं म्हणून समजा.

पायवाट | १५ नोव्हेंबर, सकाळी ७:२०

मी फिजिओथेरपिस्ट आहे, गुडघा बदललेल्या लोकांबरोबरच माझा दिवस जातो. म्हणून सविस्तर लिहिते.

सात महिन्यांनंतर सपाटीवर चालणं ही सहसा अडचण नसते, उलट चाललेलं बरं. त्रास होतो तो चार गोष्टींचा. एक, एका जागी ताटकळत उभं राहणं. दुकानात मैत्रीण पाऊण तास कुर्ते बघतेय आणि ही दाराशी उभी, यात जेवढा पाय सुजतो तेवढा तासभर चालून नाही सुजत. दोन, उतार आणि उतरायचे जिने. लोक चढण बघून घाबरतात, पण गुडघ्यावर भार जास्त येतो तो उतरताना. तीन, खाली मांडी घालून बसायची बैठक किंवा फार खोल सोफे. चार, आणि हे कुणी बोलत नाही, उकिडवं बसायचं स्वच्छतागृह. तिथे ती जाऊच शकत नाही, म्हणून ती सकाळपासून पाणीच पीत नाही. उन्हात हिंडायच्या दिवशी हे धोक्याचं आहे.

तेव्हा मार्ग आखताना देवळं-वाडे नंतर बघा. आधी दर अर्ध्या तासाला टेकायला जागा कुठे आणि कमोड कुठे, हे शोधून ठेवा. मेट्रो स्टेशनांवर लिफ्ट आहे, स्वच्छतागृह आहे. जुन्या पेठांत कसबा पेठ आणि मंडई ही दोन्ही स्टेशनं आता आहेत, त्याचा उपयोग करा.

(कसबेकरकाका, मार्ग सुंदर आहे. माझं आजोळ रास्ता पेठेतलं.)

टेकडीवेडा | १५ नोव्हेंबर, सकाळी ८:०२

बरं, वेताळ टेकडी राहू दे. मग पर्वती घ्या. १०३ पायऱ्या फक्त, आणि रुंद, ऐसपैस. ज्यांना जमेल त्या वर जातील, गुडघेवाल्या ताई खाली सारसबागेत बसतील. तासाभराचा तर प्रश्न. वरून अख्खं पुणं दिसतं, ते न बघता परत जाणं म्हणजे काय?

मंजिरी७१ | १५ नोव्हेंबर, सकाळी ८:४५

टेकडीवेडा, मनापासून विरोध. मी ती खाली बसलेली बाई आहे.

२०१७ साली माझ्या पायाला प्लास्टर होतं आणि आमचा गट एका किल्ल्यावर गेला. "तू बस गं, आम्ही तासाभरात येतो." नऊ पर्सेस, चार स्वेटर आणि एक लहान मूल माझ्याकडे देऊन गेले. साडेतीन तासांनी आले. येताना त्यांचे गाल लाल झालेले, हसून हसून पोट धरलेलं, आणि वर काय झालं त्याचे विनोद पुढचे सहा महिने ग्रुपवर चालले. त्यातला एकही मला कळत नव्हता. मी काही बोलले नाही, पण पुढच्या दोन सहलींना काहीतरी कारण काढून गेले नाही.

चाफेकळी, तुमची गेल्या वेळची खंत हीच ना, की शेजारी बसलेलीचं काय चाललंय ते कळलं नाही? मग आठ जणींचे दोन तुकडे करू नका.

टेकडीवेडा | १५ नोव्हेंबर, सकाळी ९:१०

मंजिरीताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या गटातही एक जण हल्ली येत नाही. आज फोन करतो त्याला.

सुधाकाका | १५ नोव्हेंबर, दुपारी १२:१५

पर्वतीचा विषय निघालाय तर थोडं अवांतर. देवदेवेश्वराचं देऊळ नानासाहेब पेशव्यांनी बांधलं, १७४९ सालचं. पानिपतानंतर, १७६१ मध्ये, नानासाहेब खचून इथेच राहायला आले आणि इथेच गेले. मी शाळेत असताना वडील आम्हाला दर श्रावणी सोमवारी चढवायचे, आणि उतरताना ही गोष्ट सांगायचे. मला प्रत्येक वेळी वाटायचं, त्या संध्याकाळी वरून त्यांना खालचं पुणं कसं दिसलं असेल.

सारसबाग आज आहे तिथे पूर्वी पर्वतीचं तळं होतं, आणि बेटावर गणपती. म्हणून तळ्यातला गणपती. आता पाण्याच्या जागी हिरवळ आहे. खालून, त्या हिरवळीवरून, पर्वती फार देखणी दिसते. चढायलाच हवं असं नाही. मी ७८ वर्षांचा आहे, हल्ली खालूनच बघतो.

शटलकॉक | १५ नोव्हेंबर, दुपारी १:३०

धाग्यात कुणी खेळाचं नाव काढलं नाही म्हणून आश्चर्य वाटलं. बॅडमिंटनला सुरुवातीच्या काळात 'पूना' असंच म्हणायचे. १८७० च्या दशकात इथल्या छावणीतले इंग्रज अधिकारी खेळायचे, नियमही इथेच बांधले गेले. खो-खोची नियमावलीही डेक्कन जिमखान्याने तयार केलेली. ज्या गावाने दोन खेळांना नियम दिले तिथे दिवसभर नुसतं खायचं? एक तास कोर्ट घ्या. आठ जणी, दुहेरी सामने. गुडघेवाल्या ताई पंच.

मंजिरी७१ | १५ नोव्हेंबर, दुपारी १:४१

पंच म्हणजे पुन्हा खाली बसलेली बाईच.

शटलकॉक | १५ नोव्हेंबर, दुपारी १:५०

खरंय. मागे घेतो. कॅरम?

आजीचीनात | १५ नोव्हेंबर, दुपारी २:२५

सागरगोटे! किंवा काचापाणी. फुटक्या बांगड्यांचे तुकडे जमिनीवर पसरायचे, आणि बाकीच्यांना धक्का न लावता एकेक उचलायचा. आम्ही गेल्या दिवाळीत जेवणाच्या टेबलावर खेळलो, कारण आईला खाली बसवत नाही. वय वर्षे नऊ ते एकोणऐंशी, सगळे त्यात बुडाले. दोन तास एकालाही फोन आठवला नाही. बांगड्यांचे तुकडे कडांनी घासून घ्या मात्र. आणि ज्या मैत्रिणीचा हात सगळ्यात स्थिर असेल ती जिंकते, पायांचा संबंध नाही.

रोजचा_प्रवासी | १५ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:५५

गाड्या नेऊ नका. शनिवारी पेठांत गाडी लावायला जागा शोधण्यात अर्धा तास जातो, आणि दोन गाड्या केल्या की गट दोन ठिकाणी फुटतो. मेट्रोचं सांगतो, रोज जातो.

नागपूरवाल्या ताईंना पुणे रेल्वे स्टेशनवरूनच मेट्रो मिळेल. वनाजकडे जाणारी धरायची, जिल्हा न्यायालयला उतरायचं, तिथे जमिनीखालच्या दुसऱ्या मार्गावर स्वारगेटकडे जाणारी घ्यायची. पहिलंच स्टेशन कसबा पेठ. जिल्हा न्यायालय स्टेशन सुमारे ३३ मीटर खोल आहे, सरकते जिने एकामागून एक येतच राहतात. सामान असेल तर लिफ्टच घ्यावी. बेळगाववाल्या ताईंना तर सोपंच आहे. स्वारगेट, मंडई, कसबा पेठ. दुसरं स्टेशन.

स्वारगेटपर्यंतचा हा भुयारी टप्पा २०२४ च्या सप्टेंबरात सुरू झाला. त्याआधी स्वारगेटहून कसब्यात रिक्षाने यायचं म्हणजे काय असायचं ते मी अनुभवलंय.

वऱ्हाडी_मैना | १५ नोव्हेंबर, रात्री ८:१०

नागपूरवालीच्या वतीने बोलते, मी अमरावतीची. रात्रभर गाडीत अवघडून आलेल्या बाईला थेट देवळात नका उभं करू हो. तिला आधी आंघोळ पाहिजे, आणि चांगला कडक चहा. पुण्यात राहणारीच्या घरी सकाळी सातला दोघीही बाहेरगाववाल्या पोचू द्या. मी एकदा अशीच आले होते, तर मंडळी म्हणाली, चल चल, उशीर होतोय. सगळे फोटो बघा, माझे केस!

आरामखुर्ची | १५ नोव्हेंबर, रात्री ९:००

सगळे बसण्यावर का उठलेत? बसून बोलणं होत नाही असं नाही. गेल्या वेळी बोलणं झालं नाही कारण आठ जणी एकाच टेबलाला होत्या, मागे स्पीकरवर गाणी असणार, आणि दर वीस मिनिटांनी कुणीतरी ताट भरायला उठत असणार. आठांच्या टेबलावर कुणीच "बाबा गेले" असं म्हणत नाही. ते दोघींतच म्हटलं जातं.

माझा सल्ला, दुपारी दीड ते साडेतीन कुणाच्या तरी घरी बसाच. पुण्यात एक ते चार बरीच दुकानं बंदच असतात, ऊनही असतं. त्या वेळात पाय वर घेऊन लोळता आलं पाहिजे. दिवसभर पळवलंत तर संध्याकाळी सगळ्या चिडचिड्या होतील.

चाफेकळी | १५ नोव्हेंबर, रात्री ९:३५

आरामखुर्ची, "ते दोघींतच म्हटलं जातं" हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलंय. मागे गाणी होती, हेही खरं.

मिरचीभजी | १५ नोव्हेंबर, रात्री ९:४०

नाश्त्याला मिसळ, यावर तरी एकमत आहे ना?

कसबेकर | १५ नोव्हेंबर, रात्री ९:४४

नऊ वाजता मिसळ खाऊन तीन तास उन्हात हिंडायचं? पोहे खावेत. मिसळ खाऊन माणसाने झोपायचं असतं.

मिरचीभजी | १५ नोव्हेंबर, रात्री ९:४७

काका, मिसळ खाऊन सिंहगड चढलोय. दोनदा.

सुधाकाका | १५ नोव्हेंबर, रात्री १०:०२

उपासवालीचं काय? बाकी सात जणी तर्री ओरपणार आणि ती केळं सोलणार? साबुदाणा खिचडी जिथे चांगली मिळते तिथेच सगळ्यांनी जावं. ज्यांना मिसळ हवी त्या मिसळ घेतील, पण टेबल एकच.

(यानंतर मिसळीवर अकरा प्रतिसाद झाले. ते संपादकांनी 'खादाडी' विभागात हलवले आहेत.)

हिशेबी | १६ नोव्हेंबर, सकाळी १०:१५

पैशाचं कुणी बोललं नाही. टीटीएमएम, म्हणजे तुझं तू माझं मी, कॉलेजात ठीक होतं. आता दर चहाला आठ फोन बाहेर निघतात, कुणीतरी म्हणतं मी देते, दुसरी म्हणते नको मी देते, आणि जिला खरंच जड जातंय ती गप्प राहते. आमच्या गटात आदल्या दिवशी सगळे ठरलेली रक्कम एकाकडे देतात. दिवसभर तोच देतो. उरलं तर पुढच्या वेळच्या डब्यात. हजाराऐवजी सातशे ठरवा, आणि खरेदी ज्याची त्याने. आठांच्या गटात एखादीला हजारही जास्त असू शकतात आणि ती ते कधीच सांगणार नाही.

चाफेकळी | १६ नोव्हेंबर, दुपारी ४:२०

सगळं वाचून एक कच्चा आराखडा केलाय.

सकाळी सात: नागपूर आणि बेळगाव माझ्या घरी, सदाशिव पेठेत. आंघोळ, चहा. साडेनऊला सगळ्या कसबा गणपतीपाशी. कसबेकरकाकांच्या वाटेने मंडईपर्यंत. एक वाजता जेवण. दीड ते साडेतीन माझ्या घरी, काचापाणी. (लेकीच्या जुन्या बांगड्या शोधून ठेवल्यात.) मग केळकर संग्रहालय, तिथून सारसबाग, आणि संध्याकाळी फर्ग्युसन रस्ता, कारण कॉलेजचं दार बघितल्याशिवाय कुणी घरी जाणार नाही.

काय काढू?

कसबेकर | १६ नोव्हेंबर, संध्याकाळी ५:००

केळकर संग्रहालय काढू नका हो. दिनकर केळकरांनी एकुलता एक मुलगा गेल्यावर त्याच्या नावाने उभं केलेलं आहे ते, राजा दिनकर केळकर संग्रहालय. एका माणसाने गावोगाव हिंडून दिवे, अडकित्ते, दारं, वाद्यं जमवली आणि १९७५ साली सगळं सरकारला देऊन टाकलं. नुसते अडकित्ते बघा, माणसं सुपारी कातरायच्या वस्तूवर किती जीव लावत होती ते कळेल.

पायवाट | १६ नोव्हेंबर, संध्याकाळी ५:३०

मलाही ते फार आवडतं, पण जुनी इमारत, वर-खाली जिने, आणि संग्रहालय म्हणजे सगळा वेळ उभं राहून बघणं. शिवाय दालनात गप्पा मारता येत नाहीत. तुमच्या हेतूसाठी मी काढीन. त्याऐवजी पाताळेश्वर. आठव्या शतकातलं, एका अखंड खडकात कोरलेलं, समोर गोल नंदीमंडप. जंगली महाराज रस्त्यावर असून आत शांत आणि गार. मंडईहून मेट्रोने जिल्हा न्यायालय, तिथे बदलून छत्रपती संभाजी उद्यान स्टेशन, मग दहा-पंधरा मिनिटं सपाट चाल. तिथून फर्ग्युसन रस्ताही जवळ. सारसबाग उलट दिशेला राहते, ती सोडा.

जुनी_डायरी | १६ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:०५

मी सकाळपासून सगळा धागा वाचला. एवढे प्रतिसाद झाले, निम्मे त्या ताईंच्या गुडघ्यावर. एक साधा प्रश्न आहे. त्यांना कुणी विचारलंय का?

चाफेकळी | १६ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:२०

नाही.

चाफेकळी | १६ नोव्हेंबर, रात्री १०:५०

आत्ता फोन ठेवला. सव्वा तास बोललो.

ती रोज सकाळी चार किलोमीटर चालते. आठ जणींत बहुधा सगळ्यात जास्त तीच चालते! म्हणाली, "मला जमेल का, असं आठ वेळा विचारू नका. जमणार नाही तिथे मी सांगेन." पायवाट, कमोडचं तुम्ही लिहिलंत ते तंतोतंत खरं निघालं. ती म्हणाली, प्रवासात ती खरंच पाणी पीत नाही, आणि हे तिने नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. आणखी एक म्हणाली. सगळ्यांसमोर "हिच्यासाठी हळू चला गं" असं कुणी ओरडलं तर तिला रडू येतं.

पर्वती तिला हवी आहे. गेल्या महिन्यात कठडा धरून ती चढून आली, एकटी, पहाटे. कुणाला सांगितलं नाही.

टेकडीवेडा | १६ नोव्हेंबर, रात्री ११:०५

अहो ताईऽऽऽ! त्यांना माझा नमस्कार सांगा.

पायवाट | १७ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

वाचून फार आनंद झाला. उतरताना मात्र कठड्याच्या बाजूने, आणि बदललेला पाय आधी खाली. त्यांना माहीतच असेल.

आरामखुर्ची | १७ नोव्हेंबर, सकाळी ९:१५

मग पर्वती दिवसाच्या मधोमध घालू नका. पहाटे सातला, दिवस सुरू व्हायच्या आधी. ज्यांना यायचं त्या येतील, बाकीच्या झोपतील किंवा आंघोळी करतील. एकत्र जमल्यावर गट फोडण्यापेक्षा हे बरं, कारण तेव्हा कुणी मागे राहिलंय असं होत नाही.

मंजिरी७१ | १७ नोव्हेंबर, सकाळी ९:४०

याला माझा पूर्ण पाठिंबा. आणि एक युक्ती सांगते, आम्ही करतो. आठ जणी रस्त्याने एका ओळीत चालूच शकत नाहीत, आपोआप जोड्या पडतात. पण त्याच त्या जोड्या पडतात. म्हणून प्रत्येक थांब्यावर जोडी बदलायची. गणपती ते तांबट आळी एक, तिथून शनिवारवाडा दुसरी, असं. संध्याकाळपर्यंत प्रत्येकीला प्रत्येकीबरोबर वीस-पंचवीस मिनिटं मिळतात. समोरासमोर बसून जे विचारायला जड जातं ते शेजारी चालताना सहज विचारता येतं, कारण दोघींची नजर रस्त्यावर असते.

चाफेकळी | २२ डिसेंबर, सकाळी ११:१०

परवा दिवस झाला. तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत, तर काय झालं ते सांगणं माझं काम आहे.

पर्वतीवर चौघी गेलो. आमच्यात सगळ्यात आधी वर कोण पोचलं ते सांगायला नको. देवळामागच्या भिंतीशी उभं राहून आम्ही खालच्या धुक्यात कॉलेज कुठे असेल ते शोधत होतो. नागपूरवालीची गाडी दीड तास उशिरा आली, म्हणून कसबा गणपतीला साडेनऊऐवजी साडेदहा झाले. कुणाचं काही बिघडलं नाही.

तांबट आळीत एका घराच्या ओट्यावर आम्हाला बसवलं. एक काका घंगाळाला ठोके घालत होते, हात थांबत नव्हता आणि बोलणंही. पंधरा मिनिटं ठरवली होती, पाऊण तास बसलो. बेळगाववालीने हातोडी हातात घेऊन चार ठोके घालून बघितले. चारही वाकडे. काका म्हणाले, "असू दे, हे भांडं तुमचं म्हणून ओळखू येईल." तिने ते विकत घेतलं. त्यामुळे शनिवारवाडा बाहेरूनच झाला. भिडेवाड्यापाशी मात्र थांबलो, कसबेकरकाका, आणि दोन मिनिटांहून जास्त.

तुळशीबागेचा तिढा असा सुटला: तिघी आत, बाकीच्या मंडईच्या आठ कोनांच्या मनोऱ्याखाली पेरू खात. पाऊण तासाची मुदत, आणि तिघीही वेळेत परत! एकीने आठ जणींसाठी भातुकलीतले आठ तवे आणले.

खिचडीला सगळ्या एकाच टेबलावर होतो. काचापाणीत उपासवाली जिंकली. पैसे माणशी सातशे गोळा केले होते, त्यातले पाचशे चाळीस लागले.

जोड्या बदलायचं मी सकाळीच सांगितलं. आधी सगळ्या हसल्या, दुपारनंतर कुणी न सांगता बदलायला लागल्या. पाताळेश्वर ते फर्ग्युसनचं फाटक या टप्प्याला माझ्याबरोबर ती होती, जिचे वडील गेले होते. मी एवढंच म्हटलं, "बाबांचं मला त्या वेळी विचारायचं राहिलं." ती शंभर पावलं काहीच बोलली नाही. मग त्यांच्या शेवटच्या आठवड्याचं सगळं सांगितलं, अगदी ते कोणतं गाणं ऐकायचे तेही. फाटकापाशी पोचलो तेव्हा तिचं संपलं नव्हतं, म्हणून आम्ही दोघी पुढे चालत गेलो. बाकीच्या सहा जणींनी आमच्यासाठी एसपीडीपीच्या, म्हणजे शेव-बटाटा-दही-पुरीच्या, दोन बश्या मागवून ठेवल्या होत्या. पुऱ्या पार भिजून गेल्या होत्या, तशाच खाल्ल्या.

आजीचीनात | २२ डिसेंबर, सकाळी ११:३०

बांगड्यांचे तुकडे जपून ठेवा.

कसबेकर | २२ डिसेंबर, दुपारी १२:०५

कोणत्या घराच्या ओट्यावर बसलात? हिरव्या दाराच्या?

चाफेकळी | २२ डिसेंबर, दुपारी १२:१४

हो काका, हिरव्याच!

पंचगंगा | २२ डिसेंबर, संध्याकाळी ५:४०

आम्ही सहा मित्र फेब्रुवारीत कोल्हापुरात जमतोय, एकाला दिसायला कमी येतं. रंकाळ्याची फेरी आणि तालमी दाखवायचा विचार आहे. इथेच विचारू की वेगळा धागा काढू?

जुनी_डायरी | २२ डिसेंबर, संध्याकाळी ५:५२

वेगळा काढा. पण आधी त्यांना फोन करा.